मोबाईलवरील लिनक्स कंटेनर : डेस्कटॉप आज्ञावलींच्या स्थलांतराचा इतिहास

प्रस्तावना

मोबाईल हा आज सर्वार्थाने संगणक आहे. तथापि त्यावर कोणती आज्ञावली चालावी, हे ठरविण्याचा अधिकार वापरकर्त्यापेक्षा उत्पादकाकडे अधिक असतो. डेस्कटॉप संगणकावर लिनक्स वापरणारा हवी ती आज्ञावली स्थापित करतो वा काढून टाकतो. मोबाईलची प्रणाली मात्र सुरक्षिततेच्या कारणास्तव बंदिस्त ठेवली जाते. या दोन परंपरांचा मेळ घालण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे कंटेनर होय. प्रस्तुत लेखात उबुंटू टच या प्रणालीच्या विशेष संदर्भात या प्रयत्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

कंटेनर संकल्पनेची पूर्वपीठिका

कंटेनर म्हणजे मूळ प्रणालीच्या आत उभी केलेली दुसरी, वेगळी राखलेली प्रणाली. तिची धारिका-व्यवस्था स्वतंत्र असते. कर्नल मात्र यजमान प्रणालीचाच असतो. या संकल्पनेचे मूळ १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतील 'सीएचरूट' या सोयीत सापडते. एखाद्या आज्ञावलीला विशिष्ट फोल्डर हेच संपूर्ण जग आहे असे भासविणे, एवढेच तिचे कार्य होते. २००० मध्ये फ्रीबीएसडीच्या चौथ्या आवृत्तीत 'जेल' ही अधिक कडेकोट व्यवस्था आली. लिनक्स कर्नलमध्ये साधनसामग्रीची विभागणी करणारी 'सीग्रुप्स' ही सोय २००८ मध्ये समाविष्ट झाली आणि त्याच वर्षी 'एलएक्ससी' प्रकल्प पुढे आला. ही साधने प्रामुख्याने सर्व्हरसाठी घडली होती. मोबाईलसाठी त्यांचा उपयोग होणे हा पुढचा टप्पा होता.

त्याची चाहूल नोकियाच्या एन-९०० या २००९ च्या फोनमध्ये दिसते. त्याची मेमो ही प्रणाली डेबियनवर आधारित होती. हौशी तंत्रज्ञांनी 'ईझी डेबियन' या नावाने डेबियनची संपूर्ण प्रतिमा सीएचरूटद्वारे त्यावर चालविली. अवघ्या २५६ मेगाबाईट स्मृतीच्या या फोनवर ओपनऑफिस उघडत असे. ते संथ होते, परंतु अशक्य नव्हते.

उबुंटू टच : यजमान आणि पाहुणा

२ जानेवारी २०१३ रोजी कॅनॉनिकल कंपनीने फोनसाठी उबुंटूची घोषणा केली. संस्थापक मार्क शटलवर्थ यांची मुख्य कल्पना अशी होती, की फोन मोठ्या पडद्याला जोडताच तो डेस्कटॉप व्हावा. या कल्पनेवरील 'उबुंटू एज' फोनसाठी त्याच वर्षी ३ कोटी २० लाख डॉलरचे लोकवर्गणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. सुमारे १ कोटी २८ लाख डॉलरची आश्वासने मिळाली आणि योजना बारगळली.

येथे एक तांत्रिक बाब लक्षणीय ठरते. २०१३ च्या आरंभीच्या चाचणी आवृत्तीत अँड्रॉइड यजमान होता आणि उबुंटू त्याच्या आत सीएचरूटमध्ये राहत होता. त्याच वर्षी ही मांडणी उलटविण्यात आली. उबुंटू यजमान झाला आणि हार्डवेअर हाताळण्यापुरता अँड्रॉइड एलएक्ससी कंटेनरमध्ये गेला. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हा प्रश्न केवळ रचनेचा नव्हता; उपकरणावरील अंतिम सत्ता कोणाची, याचाच तो प्रश्न होता.

ही सत्ता वापरकर्त्यापर्यंत मात्र पूर्णपणे पोहोचली नाही. उबुंटू टचची मूळ प्रणाली केवळ वाचनयोग्य ठेवलेली होती व तिचे अद्ययावतीकरण संपूर्ण प्रतिमेच्या स्वरूपात होत असे. डेस्कटॉपवरील नेहमीच्या पद्धतीने काही स्थापित केल्यास अद्ययावतीकरणात अडथळा येण्याची वा केलेले बदल पुसले जाण्याची शक्यता असे. 'लिबर्टिन' हे साधन या पेचातून निर्माण झाले. ते वापरकर्त्याच्या जागेत एक लहानशी उबुंटू प्रणाली उभारते. लिबरऑफिस, गिंप यांसारख्या आज्ञावली तिच्यात नेहमीच्या भांडारातून स्थापित होतात. कागदपत्रांचे फोल्डर दोन्ही बाजूंना सामाईक राहतात. कंटेनर बिघडल्यास तो काढून नवा करता येतो. फोनला धक्का लागत नाही. उबुंटूच्या भांडारात एआरएम प्रक्रियकासाठीची पॅकेजे आधीच उपलब्ध असल्याने आज्ञावली नव्याने लिहाव्या लागल्या नाहीत. २०१६ मधील बीक्यू ॲक्वॅरिस एम-१० या टॅब्लेटवर अशा काही डेस्कटॉप आज्ञावली आधीपासूनच देण्यात आल्या होत्या.

मर्यादा आणि उत्तरकाळ

कंटेनरने स्थापनेचा प्रश्न सोडविला. वापराचा सोडविला नाही. माऊससाठी आखलेले बारीक मेन्यू बोटाला दाद देत नाहीत. जुन्या एक्स-विंडो पद्धतीच्या आज्ञावली मिर या नव्या प्रदर्शन व्यवस्थेवर चालविण्यासाठी मध्यस्थ स्तर लागे. कंटेनर वेगळा असल्याने त्याच्या गरजाही वेगळ्या असत. उदाहरणार्थ, फोनमध्ये देवनागरी टंक असला तरी कंटेनरमध्ये तो नसल्यास मराठी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. जे वेगळेपण संरक्षण देते, तेच असे दुरावाही निर्माण करते.

५ एप्रिल २०१७ रोजी कॅनॉनिकलने फोनचा प्रकल्प थांबविला. स्वयंसेवकांच्या यूबीपोर्ट्स समुदायाने तो पुढे चालविला. मोठ्या कंपन्यांचे अनुभवही बोलके आहेत. सॅमसंगने नोव्हेंबर २०१८ मध्ये 'लिनक्स ऑन डेक्स'ची चाचणी आवृत्ती आणली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ती बंद करण्याचे जाहीर केले. गूगलने २०१८ मध्ये क्रोमबुकवर लिनक्स आज्ञावलींची सोय केली. तेथे कंटेनर आभासी यंत्राच्या आत ठेवलेला होता. मार्च २०२५ मध्ये पिक्सेल फोनवर आलेले डेबियनचे टर्मिनलही आभासी यंत्रातच चालते. मूळ प्रणाली बंद ठेवून आत एक मोकळी खोली देण्याचे लिबर्टिनचे तत्त्व अशा रीतीने मुख्य प्रवाहात आले.

निष्कर्ष

या इतिहासावरून दोन बाबी स्पष्ट होतात. एक, उबुंटू टचचे व्यापारी अपयश हे कंटेनर या तंत्राचे अपयश नव्हते. दोन, कंटेनर ही स्वातंत्र्य आणि सुरक्षितता यांमधील तडजोड आहे. तिच्यामुळे वापरकर्त्याला खोली मिळते, घर मिळत नाही. खोलीचे दार मात्र यजमानाच्या मर्जीवर अवलंबून असते. सॅमसंगच्या प्रयोगात ते वर्षभराच्या आत बंद झाले. यूबीपोर्ट्सच्या बाबतीत कंपनी निघून गेल्यावरही ते उघडे राहिले, कारण त्याचा स्रोत मुक्त होता. म्हणून मोबाईलवरील स्वातंत्र्याचा विचार करताना कंटेनरच्या आत काय चालते याइतकेच, बाहेरचा यजमान कोणाला उत्तरदायी आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.