गाडी होती, तरी पायी

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. पण आपल्या मुलखातली आगगाडी तिच्याहून थोरली. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. चांगदेवांचं पुणतांबे आणि आपलं चितळी याच मार्गावर.

पंढरीची खरी सोय केली ती बार्शी लाइटने. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही छोटी गाडी. रूळ अडीच फूट रुंदीचे. १८९७ मध्ये ती कुर्डुवाडीहून बार्शीला धावली आणि १९०६ साली पंढरपूरला पोचली. राहात्याच्या माणसाने पुणतांब्याला बसावं, दौंडला न् कुर्डुवाडीला गाडी बदलावी, की पंढरपूर आलंच.

म्हणजे आपल्या वाडवडलांनी दिंडी काढली तेव्हा गाडी नव्हती म्हणून ते चालले, असं नाही. गाडी होती, तरी चालले. वाटेवरच्या गावची भाकरी, मुक्कामाचं कीर्तन, एकमेकांच्या पाया पडणं, हे काही तिकिटावर मिळत नाही.

पण गाडीलाही नावं ठेवू नयेत. थकलेली म्हातारी, आजारी माणूस, पेरणीत अडकलेला शेतकरी यांना तिनेच विठ्ठल दाखवला. गाडीने आलेला वारकरी धाकटा नव्हे.

२००९ पासून तर शेजारी शिर्डीलाच साईनगर स्टेशन झालंय. सोय दाराशी आली. अशा वेळी पोराबाळांना दिंडीत चालतं ठेवणं, हे आता आपल्याकडे लागलं. येताना खुशाल गाडीने या. जाताना मात्र टाळ गळ्यात घालून चला.