घरचे पीठ, गावची भट्टी

कोरेगावसारख्या तालुक्याच्या गावी दिवाळीच्या, नाताळच्या किंवा उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर बेकरीत जावे, तर एक दृश्य हमखास पाहावयास मिळे. घरून दळून आणलेला गव्हाचा आटा, सोबत साखर किंवा किसलेला गूळ, तुपाचा डबा आणि पुरचुंडीत वेलदोडे, असा सरंजाम घेऊन बायामुले आपल्या पाळीची वाट पाहत बसलेली. बेकरीवाला ते पीठ त्यांच्यादेखत मळी, साच्याने बिस्किटे पाडी आणि ट्रे भट्टीत सारी. किलोमागे ठरलेली मजुरी दिली, की खरपूस वासाची गरम बिस्किटे पत्र्याच्या डब्यात भरून घरी येत. ही चाल आजही पुरती मोडलेली नाही. परंतु पुड्यांच्या बिस्किटांनी तिला मागे सारले आहे. म्हणूनच तिची कुळकथा सांगावी, असे आम्हांस वाटते.

आज लेकराच्या हाती आपण सहज ठेवतो ते बिस्किट एके काळी महाराष्ट्रात धर्म बुडविणारा पदार्थ मानले जात होते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. गोपाळराव जोशी यांनी घडवून आणलेल्या त्या प्रसंगी पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक होते. पुढे उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आली, ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. ते मिशन अँग्लिकन पंथाचे होते. पण आक्षेप कोणा एका पंथावर नव्हता. पीठ कोणाच्या हातचे आणि पाणी कोणाच्या घरचे, हा खरा प्रश्न होता. पाव हा शब्दच पोर्तुगिजांकडून आलेला आणि भट्टीवर बहुधा गोव्याचे ख्रिस्ती, मुसलमान किंवा इराणी. तेव्हा बेकरीच्या जिनसांकडे सोवळी घरे संशयाने पाहत, यात नवल नाही.

हा संशय कसा विरघळला? रेल्वे, शाळा, शहरातील नोकऱ्या ही कारणे तर आहेतच. परंतु घरचे पीठ भट्टीवर नेण्याच्या चालीचाही त्यात वाटा असावा, असे आमचे अनुमान आहे. धान्य आपले, दळण आपले, तूप आपले. परक्याची फक्त आच. आरंभी ही तडजोड असेल, पण तिच्यातून ओळख वाढली. ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्याच्या भट्टीपुढे सगळ्या आळ्यांतल्या बाया एकाच बाकावर बसू लागल्या.

या चालीने आणखी एक गोष्ट राखली, ती म्हणजे कोंडा. गव्हाच्या दाण्यात वरचे कोंड्याचे आवरण सुमारे १४ टक्के, अंकुर दोन-तीन टक्के, आणि उरलेला पिठूळ गर असतो. मैदा करताना कोंडा व अंकुर दोन्ही काढून टाकतात. १०० ग्रॅम आट्यात चोथा सुमारे ११ ग्रॅम, तर मैद्यात तीन ग्रॅमहूनही कमी असतो. लोहही मैद्यात निम्म्याहून कमी उरते. गिरणीतून आणलेल्या पिठाची बिस्किटे रंगाने तांबूस आणि किंचित रवाळ होत, चार खाल्ली की पोटाला आधार वाटे, त्याचे कारण हेच.

याच कोंड्यासाठी अमेरिकेत सिल्व्हेस्टर ग्रॅहम (१७९४–१८५१) या प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाने आयुष्य वेचले. चाळलेल्या पांढऱ्या पिठाविरुद्ध त्याने व्याख्याने दिली आणि १८३७ साली भाकरी व ती करण्याच्या कृतीवर ग्रंथ लिहिला. शरीराची निगा हा त्याच्या लेखी धर्माचाच भाग होता. त्याची काही मते टोकाची होती; मसाल्यांनाही तो दोष देई, तेव्हा आमच्या साताऱ्याकडच्या तिखटापुढे त्याचा टिकाव लागला नसता! त्याच्या नावाने पुढे जी सपाट, गोड बिस्किटे अमेरिकेत घरोघरी गेली, तितका गोडवा त्याला स्वतःला मानवला नसता. कोरेगावच्या माउलीने ग्रॅहमचे नावही ऐकले नव्हते. तरीही जे तो मंचावरून सांगत होता, ते ती जात्यावर आणि पुढे गिरणीत सहज करीत होती.

मात्र गुण गाताना माप खोटे धरू नये. दोन किलो आट्याला एक किलो साखर आणि एक किलो तूप घातले, तर डब्यातला निम्मा ऐवज साखर-तुपाचाच होतो. कोंड्याने ते पुसले जात नाही. हे बिस्किट भाकरीची जागा घेऊ शकत नाही. ते सणाचे, पाहुण्याचे आणि प्रवासाच्या शिदोरीचे खाणे आहे. गूळ घातला म्हणून ते औषध होत नाही. आणि पुड्यावर गव्हाची लोंबी छापली म्हणजे आत आटा असतोच असे नाही. घटकांच्या यादीत पहिले नाव कोणाचे, ते वाचावे.

आम्हा कॅथलिकांना तर गहू केवळ धान्य नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ९२४ व्या नियमानुसार मिस्साबलीची भाकर निव्वळ गव्हाची आणि ताजी असावी लागते. तिच्यात साखर नाही, तूप नाही. वेदीवरच्या त्या भाकरीशी डब्यातल्या बिस्किटाची तुलना आम्ही करणार नाही. आम्हांला आठवते ती सारफथची विधवा. मूठभर पीठ आणि थोडेसे तेल एवढीच तिची पुंजी. तरी तिने आधी भाकर दिली ती परक्या एलियाला, आणि तिचे पीठ सरले नाही.

पुण्यात १८९० साली एका बिस्किटाने माणसे दुरावली. कोरेगावच्या भट्टीपुढे त्याच बिस्किटाने ती शेजारी बसवली. पुडा विकत घेणे सोयीचे खरे. पण पुड्यासाठी शेजारी बसावे लागत नाही. येत्या नाताळात एखादा किलो आटा दळून भट्टीवर न्यावा. बाकावर कोणी ना कोणी शेजारी भेटेलच. डब्यातली पहिली चार बिस्किटे त्यालाच द्यावीत.