एका मुलीपुरतं पथ्य

चहात साखरेऐवजी टाकायच्या गोळ्यांची डबी घरात असेल, तर चष्मा लावून ती जरा वाचा. गोळ्या ॲस्पार्टेमच्या असतील तर बारीक अक्षरांत एक इशारा सापडेल: फेनिलकीटोन्युरियाच्या रुग्णांसाठी नाही. मधुमेही माणूस तिकडे बघतही नाही. पण ‘तुमच्या जनुकांप्रमाणे तुमचा आहार’ अशा ज्या जाहिराती हल्ली दिसतात, त्यांचा मूळपुरुष याच ओळीत लपलाय.

तसं ज्याचं त्याचं पथ्य वेगळं, हे आपल्याला नवं नाही. ‘पथ्य’ या शब्दातच ‘पथ’ आहे; वाटेला धरून असेल ते पथ्य. एकाच पंगतीत एकाला दही मानवतं, दुसऱ्याला बाधतं, हे सांगायला आजीला प्रयोगशाळा लागली नाही. का बाधतं, हे कळायला मात्र लागली.

1934 साली ऑस्लोत एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन आस्ब्यर्न फोलिंग या डॉक्टरांकडे गेली. मुलांच्या लघवीला कसलातरी कुबट वास येतो, हे तिचं गाऱ्हाणं आधी कुणी मनावर घेतलं नव्हतं. फोलिंग मुळात रसायनशास्त्राचे. त्यांनी लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं, तर ती हिरवीगार झाली. हे कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी आईकडून लिटरच्या लिटर लघवी मागवली आणि तिच्यातून फेनिलपायरुव्हिक आम्ल वेगळं काढलं. पुढे मतिमंदांच्या संस्थांतल्या 430 जणांची लघवी तपासली, तेव्हा आणखी आठ जण तसेच निघाले. दूध, डाळ, अंडी अशा सगळ्या प्रथिनांत फेनिलॲलनीन असतं, आणि त्या गोळ्यांतल्या ॲस्पार्टेममध्येही. ते पुढे बदलणारं यकृतातलं विकर या मुलांत जन्मतःच काम करत नाही. मग ते रक्तात साठतं आणि मेंदू बिघडवतं. हाच डबीवरचा फेनिलकीटोन्युरिया.

निदान झालं, पण उपाय नव्हता. तो निघाला बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात, 1951च्या सुमारास, आणि तोही एका आईच्या चिकाटीने. डॉ. हॉर्स्ट बिकेल यांनी तिच्या दोनेक वर्षांच्या मुलीचं निदान केलं आणि क्रोमॅटोग्राफीच्या कागदावरचा ठिपका तिला कौतुकाने दाखवला. तिला ठिपक्याचं काय? ती रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहू लागली: तुम्ही माझ्या मुलीसाठी काय करणार, ते सांगा.

लंडनच्या लुई वुल्फ यांनी मार्ग सुचवला. दुधातलं केसिन आम्लाने फोडायचं आणि ते मिश्रण कोळशातून गाळायचं. फेनिलॲलनीन कोळशाला चिकटून राहतं. कोळसा त्याबरोबर टायरोसीन आणि ट्रिप्टोफॅनही ओढून घेतो, म्हणून ती दोन्ही परत मिसळायची. असं हे बेचव पथ्य एका मुलीपुरतं तयार झालं. थोड्या महिन्यांत ती रांगायला, उभी राहायला लागली. केस काळसर झाले, डोळ्यांत चमक आली, सततचं रडणं थांबलं.

पण हा गुण पथ्याचाच कशावरून? डॉक्टरांनी आईला न सांगता तिच्या खाण्यात फेनिलॲलनीन पुन्हा मिसळलं. सहा तासांत मुलगी रडायला आणि डोकं आपटायला लागली. लवकरच तिला उभंही राहता येईना. आज कुठलीही नीतिसमिती याला परवानगी देणार नाही, देऊही नये. पण त्याने शंका फिटली. 1953 साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. त्या मुलीला पथ्य उशिरा मिळालं होतं, त्यामुळे तोवर झालेली हानी काही भरून निघाली नाही. जन्मल्या जन्मल्या निदान व्हायला हवं होतं. ती सोय केली अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांनी: टाचेला टोचून टीपकागदावर घेतलेला रक्ताचा थेंब. साठच्या दशकात तिथे सरसकट तपासणी सुरू झाली.

फेनिलकीटोन्युरियात बिघडलेलं जनुक एक, दोषी घटक एक. वजन, साखर, भूक यांच्यामागे जनुकं किती, त्याची मोजदाद अवघड. 2018 साली स्टॅनफर्डच्या अभ्यासात 609 जणांना वर्षभर कमी स्निग्ध किंवा कमी कर्बोदकांचा आहार दिला. जनुकांवरून कुणाला कोणता मानवेल हे आधी सांगता येतं का, ते पाहिलं. आलं नाही. तेव्हा थुंकी तपासून आहाराचा तक्ता देणारं कुणी भेटलं, तर पैसे मोजण्याआधी एवढंच विचारा: जो पदार्थ वर्ज्य सांगता, तो बंद केल्यावर काय झालं, आणि परत दिल्यावर काय झालं?