बेचाळीस रात्रींची आई

‘श्यामची आई’ हातात घ्या आणि आधी अनुक्रमणिका बघा. तिथे प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. आश्रमातली प्रार्थना झाली की श्याम बोलायला बसतो आणि भोवतीची मंडळी ऐकतात. पुस्तक खरं तर कानांसाठी लिहिलेलं.

ही बोलण्याची लिखावट साने गुरुजींच्या हातात आली कशी? अमळनेरच्या छात्रालयात ते मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत, ते आहेच. पण मला वाटतं, खरी तालीम धुळ्याच्या तुरुंगातली. १९३२ साली विनोबा तिथे दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. अठरा अध्याय, अठरा रविवार. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ते लिहायला बसले, ते आपल्या आईचं बोलणं उतरवायला. ९ फेब्रुवारी १९३३ला आरंभ केला आणि १३ तारखेच्या पहाटेपर्यंत पुस्तकाचा मोठा भाग हातावेगळा झाला. आई १९१७ सालीच गेली होती.

ही आई पालगडची, कर्जात बुडत चाललेल्या कोकणी घरातली. आंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागेल म्हणून श्याम अडून बसतो, तेव्हा ती आपले ओचे धोंड्यावर पसरते. हे सगळ्यांना पाठ. पण तोच श्याम पोहायला नको म्हणून माळ्यावर दडतो, तेव्हा ती शिंपटीने झोडपत त्याला विहिरीकडे पिटाळते. ओचे लक्षात ठेवून शिंपटी विसरलेल्यांनी तिला उगाच रडूबाई करून टाकलंय.

पुस्तक १९३५ साली आलं. पडद्यावर ते आणलं आचार्य अत्र्यांनी. ‘झेंडूची फुले’मधून कवींची यथेच्छ टर उडवणारा हा माणूस, आणि अख्ख्या महाराष्ट्राला पदर डोळ्यांना लावायला लावणारा चित्रपट त्यानेच काढावा! निर्मिती त्यांची, दिग्दर्शनही त्यांचंच. संगीत वसंत देसाईंचं. आई झाल्या वनमाला. सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये झळकलेली ही देखणी नटी पालगडच्या ओसरीवर शोभेल का, असं कुणाला वाटलं असेल तर नवल नाही. शोभली. आजही श्यामची आई म्हटलं की तिचाच चेहरा समोर येतो. श्याम होता माधव वझे, पुढे नाट्यसमीक्षक झालेला.

चित्रपट १९५३चा. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले ते पुढच्या वर्षी आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक याच मराठी चित्रपटाला मिळालं. त्या खेपेला बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावं लागलं.

साने गुरुजींनी यातलं काहीच पाहिलं नाही. ११ जून १९५० रोजीच ते गेले होते.