सिंहाच्या जबड्यातून राजाच्या कानापर्यंत (थ्रेड)

१८१९. लंडनच्या एफ. सी. राइन यांच्याकडे पोर्तुगालचा राजा सहावा जुआंव याच्यासाठी एक आसन घडवले गेले. गोवाही तेव्हा याच राजाच्या अमलाखाली होता. आसनाचे हात आतून पोकळ, टोकांना जबडा वासलेले सिंह. भेटीस येणाऱ्याने गुडघे टेकून त्या जबड्यात बोलायचे. आवाज नळीवाटे राजाच्या कानी जाई.

राजाचे बहिरेपण झाकले गेले आणि दिसला तो केवळ दरबारी रिवाज! श्रवणयंत्राच्या इतिहासात ऐकण्याइतकेच लपवण्यालाही महत्त्व आहे, ते असे.

सामान्यांच्या वाट्याला साधा कर्णा आला. रुंद तोंडाने ध्वनी गोळा करून निमुळत्या टोकाने कानात सोडायचा, एवढेच त्याचे तत्त्व. बेथोव्हेनसाठी मेल्झेलने असे कर्णे बनवले; तरी १८१८ पासून त्याला संभाषणवह्यांचा आधार घ्यावा लागला. कर्णा ध्वनी एकवटतो, त्यात नवी शक्ती ओतत नाही.

पुढे कर्णे पंख्यांत, टोप्यांत, केशरचनेत दडू लागले. इंग्रज लेखिका हॅरिएट मार्टिनो मात्र आपला कर्णा चारचौघांत वापरी. १८३४ मध्ये तिने बहिऱ्यांना उद्देशून एक प्रकट पत्रच लिहिले.

विसाव्या शतकात ध्वनीला विजेचे बळ मिळाले. पण निर्वात नळ्यांच्या यंत्रांसाठी बॅटऱ्यांचे ओझे अंगावर वागवावे लागे. १९५२ च्या अखेरीस आलेल्या ‘सोनोटोन १०१०’मध्ये दोन नळ्यांच्या जोडीला एक ट्रान्झिस्टर बसला. त्यानंतर यंत्र आक्रसत कानामागे गेले, मग कानाच्या आत. मधल्या काळात ते चष्म्याच्या काडीतही शिरले होते.