हिशेबाबाहेरची सपरी

यवतमाळकडच्या जुन्या घरांत म्हाताऱ्या पुरुषाची जागा ठरलेली असे : पुढची सपरी. इतरत्र जिला ओसरी म्हणतात तीच ही. सागवानी खांब, मातीची जाड भिंत, कडेला बाज. सधन घरी बंगई. रस्त्याने कोण गेले, कोणाची बैलजोडी उशिरा परतली, कापसाची गाडी कोणाची भरली, हे सारे तिथून दिसे. बोलावेसे वाटले तर रस्ता समोर, नको असेल तर घर पाठीशी. कारभार मुलाकडे गेला तरी पहारा म्हाताऱ्याकडेच राही. (म्हातारीची जागा बहुधा मागे, चुलीजवळ, सपरीचे गोडवे गाताना हे विसरू नये.)

वृद्धाश्रमांविषयीचे सरकारी नियम वाचताना मी ही सपरी शोधत होतो. राज्याची वृद्धाश्रम योजना 1963ची. तिच्यात पुरुषाला 60 आणि स्त्रीला 55 वर्षांची अट. 1995 मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. पुढे 2007चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा केंद्रीय कायदा झाला. त्याच्या 19व्या कलमानुसार प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांना सामावणारा किमान एक आश्रम राज्य शासन उभारू शकेल. ‘उभारू शकेल’, ‘उभारील’ नव्हे.

या कायद्याखालच्या नमुना नियमांत इमारतीची मापे आहेत. निजण्यासाठी माणशी 7.5 चौरस मीटर. स्वयंपाकघर, जेवणघर, करमणुकीची व औषधोपचाराची खोली धरून माणशी 12. उतरते रस्ते हवेत, कठडे हवेत, हेही लिहिले आहे. मात्र त्या 12 चौरस मीटरमध्ये व्हरांडे धरायचे नाहीत. हेतू चांगलाच असणार : कोणी व्हरांड्यालाच खोली म्हणून खपवू नये. पण कमीत कमी खर्चात मापे पुरी करणाऱ्याच्या हाती यातून काय पडते? खोल्या, खाटा आणि मधली अरुंद वाट. सपरी हिशेबाबाहेर राहते, म्हणून इमारतीबाहेरही.

नुसती मोठी खोली दिल्याने माणसे बोलू लागत नाहीत. 1958 साली रॉबर्ट सॉमर आणि ह्यू रॉस यांनी कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातील एका रुग्णालयात वृद्धांच्या कक्षाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कक्ष नव्याने सजवला होता, तरी खुर्च्या भिंतींना टेकून रांगेत, आणि माणसे गप्प. दोघांनी खुर्च्या टेबलांभोवती मांडल्या. वृद्धांनी आधी विरोध केला, खुर्च्या परत भिंतीकडे नेल्या. काही आठवड्यांनी मात्र संभाषणे जवळजवळ दुप्पट झाली. आपल्याकडच्या आश्रमांच्या दिवाणखान्यांतही भिंतीलगतची ती रांग मला ओळखीची वाटते. झाडायला सोपी पडते ना!

आमच्या जिल्ह्यातला संत दोला महाराज वृद्धाश्रम शहरात नाही, आर्णी तालुक्यातल्या उमरी पठार या खेड्यात आहे. जागेची ही निवड मला खोल्यांच्या संख्येहून मोलाची वाटते. शेतात हयात गेलेल्या माणसाला शिवार परके नसते. आभाळ भरून आले की पेरणीवर त्याचे काही म्हणणे असते, आणि ते ऐकणारा शेजारी त्याच कामातला असतो.

यवतमाळचा मे महिना तर सपरीशिवाय निभत नाही. पारा 45 अंशांकडे जातो आणि स्लॅबची खोली रात्री उशिरापर्यंत भट्टीसारखी धगधगते. अशा वेळी बाज बाहेर काढायची ही इथली जुनी रीत. दीडशे माणसांच्या आश्रमात त्या दीडशे बाजा कुठे निघणार, हे नकाशावरच दाखवायला हवे, पाया खणण्याआधी.