८५ वर्षं उघडा राहिलेला बग

गेल्या आठवड्यात एका ग्राहकाने कळवलेला बग मी 'आमच्याकडे असं होत नाही' असा शेरा मारून बंद केला. काल तो खरा निघाला. आज सकाळी चहा घेताना प्लॅटिपसबद्दल वाचलं आणि कान पकडले!

प्लॅटिपस म्हणजे ऑस्ट्रेलियातला, बदकासारखी चोच आणि अंगभर दाट केस असलेला प्राणी. १७९९ मध्ये जॉर्ज शॉने इंग्लंडमध्ये त्याचं वर्णन छापलं, पण कुणी चोच शिवून फसवत तर नाही ना, ही शंका त्यालाही होतीच. १८२६ मध्ये जर्मनीच्या मेकेलने मादीच्या दूधग्रंथी दाखवल्या. (स्तनाग्रं नाहीत, दूध कातडीतून पाझरतं.) झालं! दूध पाजणारा प्राणी अंडी कशी घालेल?

१८३२ मध्ये जॉर्ज बेनेट बिळं उकरत हिंडला. तिथल्या आदिवासींनी त्याला 'अंडी घालतो' असं सांगितलं होतं. पण त्यांच्या बोलण्यात विसंगती वाटली म्हणून त्याने विश्वास ठेवला नाही. लंडनच्या रिचर्ड ओवेनचं मत असं, की अंडी पोटातच फुटतात. १८६४ मध्ये व्हिक्टोरियातल्या एका डॉक्टरने त्याला पत्र लिहिलं, की पकडलेल्या मादीने दोन अंडी घातली. ओवेन म्हणाला, घाबरून गर्भपात झाला असेल. बग बंद!

शेवटी १८८४ मध्ये केंब्रिजचा विल्यम कॉल्डवेल क्वीन्सलँडमधल्या बर्नेट नदीवर गेला. प्राणी शोधायला अर्थातच आदिवासींनाच कामाला लावलं. शेकडो प्राणी मारले गेले. त्यातल्या एका मादीने एक अंडं घातलेलं होतं, दुसरं अजून पोटात होतं. त्याची चार शब्दांची तार २ सप्टेंबरला मॉन्ट्रियलच्या सभेत वाचली गेली. गंमत म्हणजे त्याच दिवशी ॲडलेडमध्ये विल्हेल्म हाकेने एकिड्नाच्या अंड्याचं कवच दाखवलं.

आता कळतं की यात विचित्र काहीच नाही. आपले सगळ्यांचेच पूर्वज अंडी घालायचे. दूध आधी आलं, अंडी सुटली नंतर. प्लॅटिपसची शाखा त्याआधीच वेगळी झाली. २००८ मध्ये वाचलेल्या त्याच्या जीनोममध्ये बलकाचं जनुकही आहे आणि दुधाच्या प्रथिनांचीही. चूक प्राण्यात नव्हती, आपल्या व्याख्येत होती. आणि रोज नदीकाठी राहणाऱ्यांना कुणी नीट विचारलंच नाही.

असो. सोमवारी त्या ग्राहकाला फोन करायचाय. आधी सॉरी म्हणेन, मग त्यांचं सगळं शांतपणे ऐकेन.